मनगटात कापलेली नस आणि मेंदूतला हात

रुग्ण स्त्री, वय ३८, उजवा हात कामाचा. राहणार गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या बाजूला. व्यवसाय फुलं गुंफून विकण्याचा. आषाढातल्या एका रात्री वाऱ्याने खिडकी आपटू लागली, ती धरायला गेली तेव्हा तावदान फुटलं आणि काच उजव्या मनगटात तळहाताच्या बाजूने खोल शिरली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नस पूर्ण तुटली होती (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, संवेदना आणि हालचालीचे निरोप नेणारी तंतूंची जुडी). मनगट वाकवणारे दोन टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि तर्जनी व मधल्या बोटाचे टेंडनही कापले गेले होते. करंगळीच्या बाजूची अल्नर नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या वाचल्या. सूक्ष्मदर्शकाखाली नसेची दोन टोकं शिवली, टेंडन जोडले आणि हात प्लास्टरच्या आधारात ठेवून तिला घरी पाठवलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, हे मी आधीच नोंदवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातली कुठलीही अडचण टाक्यांमुळे आलेली नाही.

मी हाताच्या पुनर्वसनाचं काम करते. हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्याकडे ती आली ती दहाव्या दिवसाच्या आसपास, तीही स्वतःहून नव्हे. नणंद घेऊन आली. रुग्णाला कुणीतरी सांगितलं होतं की नस वाढायला सहा-सात महिने लागतात, तोवर वाट पाहायची, बोटांत जाणीव आली की मग व्यायाम सुरू करायचे. हा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. नसेच्या हिशोबाने तो बरोबर आहे. मेंदूच्या हिशोबाने मात्र या सहा महिन्यांत बरंच काही घडून जातं, आणि हे प्रकरण मी त्यासाठीच सविस्तर मांडते आहे.

हाताला काय करता यायला हवं होतं

पावसाळा म्हणजे जायांचा, जाईच्या फुलांचा, हंगाम. दुपारी कळ्या खुडायच्या आणि त्या उमलायच्या आत केळीच्या सोपाच्या दोरात गुंफून फाती, म्हणजे माळा, तयार करायच्या. कळीचा देठ नाजूक. दोर जास्त आवळला तर देठ तुटतो, कमी आवळला तर देवळाच्या पायरीपर्यंत जाता जाता फूल गळतं. किती आवळायचं हे डोळ्यांना दिसत नाही, ते अंगठा आणि तर्जनीच्या टोकांना कळतं. ही बाई लहानपणापासून हे काम करत आली होती आणि गुंफताना ती हाताकडे बघतही नसे. गिऱ्हाइकाशी बोलत असे, मुलाचा अभ्यास घेत असे.

मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची तळहाताकडची संवेदना वाहून नेते. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आणणारे तळहातातले स्नायूही बहुतांशी तिच्याच ताब्यात असतात. म्हणजे गुंफण्यासाठी लागणारी नेमकी तीच बोटं गेली. अनामिकेची करंगळीकडची बाजू आणि करंगळी शाबूत राहिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच बोटांवरून आमच्या दोघींत मतभेद झाला.

पहिल्या तपासणीत अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना जाडातली जाड मोनोफिलामेंट (स्पर्श तपासण्याचा नायलॉनचा दोरा; क्रमांक जितका लहान तितका तो बारीक) टोचली तरी काही कळत नव्हतं. कातडी कोरडी पडली होती, कारण घाम आणणारे तंतूही त्याच नसेतून जातात. जखम भरल्यावर मी तिला बोटं कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायला सांगितलं. करंगळी सुरकुतली आणि तर्जनी तशीच गुळगुळीत राहिली. ओ'रिएन यांनी १९७३ साली मांडलेली ही साधी चाचणी मला फार आवडते, कारण रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की कुठला भाग नसेपासून तुटलेला आहे. ती बोटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाय, ही बोटं माझी वाटतच नाहीत." हे वाक्य मी नोंदवहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं.

बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत

स्पर्श वाहून नेणाऱ्या चेतापेशीची रचना थक्क करणारी आहे. पेशीचं मुख्य शरीर मानेच्या मणक्याशेजारच्या गाठीत असतं. तिचा एक फाटा दंडातून, कोपरातून, मनगटातून बोटाच्या टोकापर्यंत उतरतो. दुसरा फाटा मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने वर चढत थेट मेंदूच्या देठापर्यंत, क्युनिएट नावाच्या केंद्रकापर्यंत जातो. म्हणजे एकच पेशी बोटाच्या टोकापासून मेंदूच्या देठापर्यंत पसरलेली असते. तिथून पुढची पेशी बाजू बदलते, मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्राला जाते, आणि तिसरी पेशी निरोप मेंदूच्या पृष्ठभागावरच्या संवेदना-पट्टीत पोहोचवते. उजव्या हाताचा निरोप डाव्या अर्धमेंदूत जातो.

मनगटात काच घुसली तेव्हा याच पेशीचा फाटा तुटला. तुटलेल्या जागेपासून बोटाकडचा तुकडा काही दिवसांत मोडून पडतो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. मणक्याशेजारच्या गाठीतल्या काही पेशी या धक्क्याने मरतातही आणि त्या परत येत नाहीत. बाकीच्या पेशी नवा फाटा फोडतात. तो सुरुवातीच्या काही आठवड्यांच्या विलंबानंतर साधारण दिवसाला १ मिलिमीटर या वेगाने पुढे सरकतो. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत सोळा-सतरा सेंटीमीटर अंतर धरलं तर सहा-सात महिन्यांचा हिशोब तिथून येतो.

आता वरच्या टोकाकडे बघू. संवेदना-पट्टीत शरीराचा नकाशा असतो हे पेनफील्ड आणि बोल्ड्रे यांनी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून नोंदवलं. त्या नकाशात हाताला, त्यातही बोटांना, त्यांच्या आकाराच्या मानाने अवाढव्य जागा मिळालेली आहे. एका रात्रीत त्या जागेच्या मोठ्या भागाला निरोप येणं बंद झालं, तर तिथे काय होतं?

निरोप थांबल्यावर

या प्रश्नावरचं सर्वात महत्त्वाचं काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. मायकल मर्झेनिच, जॉन कास आणि त्यांचे सहकारी यांनी वयात आलेल्या माकडांची नेमकी हीच, मीडियन, नस कापली आणि ती पुन्हा वाढू नये म्हणून बांधून टाकली. सहकाऱ्यांत भारतात जन्मलेले मृगांक सूर हेही होते. संवेदना-पट्टीचा जो भाग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या तळव्याकडच्या कातडीला प्रतिसाद देत असे, त्याचा काही अंश जवळजवळ लगेच हाताच्या पाठीकडच्या कातडीला प्रतिसाद देऊ लागला. उरलेला भाग काही काळ गप्प राहिला आणि पुढच्या दिवसा-आठवड्यांत तोही शेजारच्या नसांच्या निरोपांनी भरत गेला.

इतक्या लवकर नव्या तारा वाढणं शक्य नाही. मग हे झालं कसं? शेजारच्या भागांच्या जोडण्या तिथे आधीपासून असतात, पण मुख्य निरोपाच्या जोरापुढे आणि मेंदूतल्या रोधक यंत्रणेमुळे त्या दबलेल्या असतात. मुख्य निरोप थांबला, गाबा या रोधक रसायनाचा अंमल सैल झाला, की त्या मोकळ्या होतात. नंतरचे, आठवड्या-महिन्यांत होणारे बदल वेगळे. त्यात जोडण्यांची ताकद बदलते आणि काही ठिकाणी नवे फुटवेही येतात.

बदल फक्त वरच्या पट्टीत होतो असंही नाही. हरयाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नीरज जैन यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम इथे सांगायलाच हवं. ते मज्जारज्जूच्या दुखापतीवरचं आहे, हाताच्या नसेवरचं नाही. अशा माकडांत हाताच्या जागी चेहऱ्याचे निरोप दिसू लागतात. त्यांनी क्युनिएट केंद्रक औषधाने तात्पुरतं बधिर केलं तेव्हा तो बदललेला प्रतिसाद नाहीसा झाला. म्हणजे वरच्या मजल्यावर दिसणाऱ्या उलथापालथीचं मूळ खाली मेंदूच्या देठात असू शकतं. हे वाचल्यापासून मी रुग्णांना "मेंदूतला नकाशा" म्हणते तेव्हा बोटापासून वरपर्यंतची सगळी वाट माझ्या डोळ्यांसमोर असते.

आमच्या रुग्णात याचं काही दिसलं का? तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली की अंगठ्याच्या मागे, हाताच्या पाठीवर, साडीचा पदर घासला तरी तो "मोठा" लागतो. ही जागा रेडियल या हाताच्या तिसऱ्या मोठ्या नसेची, म्हणजे पूर्ण निरोगी. माकडांच्या मेंदूत इलेक्ट्रोड घालून काढलेल्या नकाशाशी एका बाईच्या या वाक्याची गाठ मी घालणार नाही. पण अशी तक्रार ऐकल्यावर तिला "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावू नये, एवढं मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना आवर्जून सांगते.

गप्प बोटांचा व्यायाम

हात प्लास्टरच्या आधारात, बोटांत काही जाणीव नाही, आणि तरी आम्ही कामाला लागलो. घरच्यांना याचं नवल वाटलं. तिच्या नवऱ्याने सरळ विचारलं, "जाणीवच नाही तर व्यायाम कसला?"

त्याचं उत्तर असं. कातडीकडून निरोप येत नसला तरी मेंदूतल्या हाताच्या जागेला दुसऱ्या वाटांनी जागं ठेवता येतं. हाताला स्पर्श होताना नुसतं बघितलं तरी, आणि स्पर्शाची कल्पना केली तरी, स्पर्शाशी संबंधित भागांत हालचाल होते. स्वीडनमधल्या मालमो इथल्या गोरान लुंडबोर्ग आणि बिर्गिटा रोसेन यांच्या गटाने यावर आयुष्यभर काम केलं. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मीडियन किंवा अल्नर नस जोडलेल्या रुग्णांपैकी एका गटाने पहिल्या आठवड्यापासून आरसा आणि निरीक्षणाचे व्यायाम केले, दुसऱ्या गटाने जाणीव परतल्यावर नेहमीचं प्रशिक्षण घेतलं. सहा महिन्यांनी लवकर सुरू केलेल्यांची वस्तू स्पर्शाने ओळखण्याची क्षमता जास्त चांगली होती.

आमच्याकडे आरसा म्हणजे कपाटाच्या दाराचा, सुताराकडून कापून घेतलेला. तो दोन हातांच्या मध्ये उभा करायचा, उजवा हात आरशामागे. डाव्या हाताच्या तर्जनीला नणंद कापूस, काथ्या, दोर लावणार आणि रुग्ण आरशात बघणार, म्हणजे डोळ्यांना उजव्या तर्जनीला स्पर्श होताना दिसणार. त्याच वेळी आरशामागे खऱ्या उजव्या तर्जनीलाही तीच वस्तू लावायची. पाच-सात मिनिटं, पण दिवसातून तीन-चार वेळा, आणि टीव्ही बंद ठेवून. शेवटची अट सगळ्यात कठीण गेली.

आवाजाचा वापरही केला. मालमोच्या गटाने बोटांवर छोटे मायक्रोफोन लावलेला हातमोजा बनवला होता, वस्तू घासल्याचा आवाज त्यातून कानाला ऐकू जाई. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मग काथ्या, करवंटीची बाहेरची बाजू, तिसऱ्यांची शिंपली आणि चिऱ्याचा खडबडीत तुकडा निवडले, म्हणजे घासल्यावर प्रत्येकाचा आवाज वेगळा येईल. बधिर बोट हळू फिरवायचं, कान द्यायचा, आणि या आवाजाचा स्पर्श पूर्वी कसा लागायचा ते आठवायचं.

या व्यायामात तिची हुशारी दिसली. काही दिवसांनी तिने माझ्या वस्तू बाजूला ठेवल्या आणि आरशासमोर डाव्या हाताने केळीच्या दोराला पीळ देऊ लागली. तिच्या म्हणण्याप्रमाणे करवंटीपेक्षा दोराची आठवण लवकर येते. ती बरोबर होती. ज्या स्पर्शाशी वर्षानुवर्षांचं काम जोडलेलं आहे त्याची आठवण जास्त धारदार असते, आणि तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला आधी त्याच्या कामातली वस्तू विचारते.

याच काळात तर्जनीचं टोक तव्याला लागून भाजलं. तिला कळलं ते वास आल्यावर. फोड भरायला बरेच आठवडे गेले, कारण नसेशिवायची कातडी हळू भरते. तेव्हापासून गरम भांडं, समई आणि विळी फक्त डाव्या हाताने, असा घरात नियम झाला.

जाणीव परतली, पण भलतीकडे

चौथ्या महिन्यात तळहातावर टिचकी मारली की बोटांकडे झिणझिण्या धावत. टिनेल यांनी १९१५ मध्ये वर्णन केलेली ही खूण महिन्यागणिक पुढे सरकताना दिसली की सगळ्यांनाच धीर येतो. सातव्या महिन्यात, थंडीच्या दिवसांत, तर्जनीच्या टोकाला ४.५६ क्रमांकाची मोनोफिलामेंट कळली. घरी साखर वाटली.

आणि त्याच आठवड्यात ती रडत आली. मी डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला, तिने मधलं बोट दाखवलं. तर्जनीच्या टोकाला केला, तेव्हा तर्जनीचं मूळ आणि मधल्या बोटाची कड अशा दोन जागा एकदम दाखवल्या. जाईची कळी हातात दिली तर म्हणाली, काहीतरी खरखरीत, तांदळाच्या कोंड्यासारखं.

असं होणार हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, तरी अनुभव येतो तेव्हा माणूस हादरतो. कारण असं आहे. शल्यचिकित्सक नसेचं बाहेरचं वेष्टण शिवतात. आतल्या हजारो तंतूंपैकी प्रत्येकाला त्याची जुनी नळी मिळवून देणं कुणाच्याही हातात नसतं. वादळानंतर खांबावरच्या तारा अंधारात जोडाव्यात आणि एका घरचं बटण दाबल्यावर दुसऱ्या घरचा दिवा लागावा, तसं होतं. अंगठ्याचा तंतू मधल्या बोटात जातो, स्पर्शाचा तंतू घामाच्या ग्रंथीपाशी जाऊन वाया जातो. वर मेंदू मात्र त्या तंतूवरून आलेला निरोप जुन्या सवयीनेच वाचतो.

माकडांवरचे दोन प्रयोग शेजारी ठेवले की हे फार स्पष्ट होतं. नस चिमट्याने चिरडली पण तिच्या आतल्या नळ्या अखंड राहिल्या, तर तंतू आपापल्या जागी परततात आणि मेंदूतला नकाशा जवळजवळ पूर्वीसारखा होतो. वॉल, फेलमन आणि कास यांनी हे १९८३ मध्ये दाखवलं. नस कापून शिवली तर मीडियन नसेला मेंदूतली तिची बरीचशी जागा परत मिळते, पण आतला क्रम विस्कटलेला राहतो. एकाच बोटाचे तुकडे नकाशात दोन-तीन ठिकाणी विखुरतात. १९८६ मध्ये त्याच मंडळींनी मांडलेल्या या निष्कर्षाचं शीर्षकच माणसांतल्या संवेदनेशी त्याचा संबंध सुचवणारं होतं.

मग करायचं काय? मेंदूला नवी वाट शिकवायची. डोळे उघडे ठेवून अंगठ्याला स्पर्श, नीट बघणं, मनात "अंगठा" म्हणणं. मग डोळे मिटून तोच स्पर्श. चुकलं तर डोळे उघडून खात्री, पुन्हा डोळे मिटून. आधी सरकता स्पर्श, कारण तो लवकर कळतो, मग एका जागी दाबलेला. वस्तू ओळखताना आधी आकारात खूप फरक असलेल्या, मग जवळच्या. तिच्या डब्यात तांदूळ, उडीद, तिरफळं, सोलं, काजूगर, शेवटी मिटलेली आणि उमललेली जाई. तिरफळ तिला सगळ्यात आधी ओळखता आलं, मिरी आणि उडीद यांत मात्र वर्ष उलटल्यावरही गफलत होत होती.

मोठ्या माणसाला हे इतकं जड का जातं, त्याचं उत्तर लहान मुलांकडे आहे. दहा वर्षांखालच्या मुलांची मीडियन नस कापून शिवली तर अनेकदा स्पर्श जवळजवळ पूर्ण परततो. त्यांच्या नसेतही तंतूंची सरमिसळ होतेच. फरक शिकणाऱ्या मेंदूचा आहे. मुलांच्या हातात तंतूंना कमी अंतर कापायचं असतं हेही खरं, पण एवढ्यावरून तो फरक पुरता उलगडत नाही.

अनामिकेवरून झालेला वाद

आता तो मतभेद. आठव्या महिन्यात ती अचानक आनंदात आली. तिने अंगठ्याच्या कडेला अनामिका आणि करंगळी लावून दोर धरण्याची युक्ती शोधली होती. अल्नर नसेची ही शाबूत बाजू चांगली जाणीव देत होती, आणि अंगठा आत दाबणारा स्नायूही अल्नर नसेचाच. मोठ्या फुलांची माळ ती पुन्हा करू लागली होती. अबोली, शेवंती. घरात पैसे येऊ लागले.

माझी चिंता वेगळी होती. काम अनामिकेकडे गेलं की तर्जनी बाजूला उभी राहते. निरोप येऊ लागले तरी त्यांचा कशाला उपयोग नसेल तर मेंदू त्यांना किंमत देत नाही. वापर आणि लक्ष यांनीच नकाशाला आकार येतो, हे या क्षेत्रातल्या बहुतेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मी तिला तर्जनी वापरायला सांगितलं. ती म्हणाली, "तर्जनीने केलं तर एका माळेला दोन तास. गिऱ्हाईक दोन तास थांबेल का बाय?"

तिचं म्हणणं खोडून काढण्याजोगं नव्हतं. नोंदवहीतल्या आकड्यांसाठी तिचं उत्पन्न थांबवणं मला पटलं नाही. विकायच्या माळा अनामिकेने करायच्या, असं ठरलं. संध्याकाळची ठरावीक वेळ मात्र तर्जनी आणि मधल्या बोटाची. त्या वेळी अनामिका आणि करंगळी मऊ पट्टीने तळहाताशी बांधून ठेवायच्या आणि गुंफलेली माळ विकायची नाही, घरच्या देवाला घालायची. विकायची नसल्यामुळे ती बिघडली तरी चालत असे, आणि सरावाला नेमकं तेच हवं असतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता, आणि त्यातला देवाच्या माळेचा भाग तिचा होता.

उशिराच्या टप्प्यात, शल्यचिकित्सकांच्या परवानगीने, आम्ही हाताच्या पुढच्या भागावर, मनगटाच्या वर, लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम लावून मग सराव करण्याचाही प्रयोग केला. यामागचा तर्कही मालमोच्या गटाचाच. शेजारची कातडी तात्पुरती गप्प केली तर मेंदूत हाताच्या जागेला जास्त वाव मिळतो. त्यांच्या अभ्यासांत याने हाताची संवेदना सुधारलेली दिसते. आमच्या रुग्णात सुधारणा झाली, पण ती मलमाने झाली की त्या आठवड्यांत सराव मनापासून केल्याने, हे वेगळं करता येत नाही.

नकाशा खरंच बदलतो का?

गेल्या काही वर्षांत या विषयात मोठा वाद उभा राहिला आहे आणि तो रुग्णांपर्यंत चुकीच्या रूपात पोहोचू नये असं मला वाटतं. तामार मेकिन आणि जॉन क्रॅकॉर यांनी २०२३ मध्ये असा युक्तिवाद केला की मेंदूचा एक भाग निरोपांअभावी दुसरंच काम हाती घेतो, ही कल्पना पुराव्यापेक्षा फुगवली गेली आहे. २०२५ मध्ये मेकिन यांच्या गटाने ज्यांचा हात वैद्यकीय कारणाने काढावा लागणार होता अशा तीन व्यक्तींचे आधीचे आणि नंतरचे मेंदूचे स्कॅन प्रसिद्ध केले. हात गेल्यावरही, हलवण्याचा प्रयत्न केला की त्या हाताचा नकाशा जवळजवळ तसाच उमटत होता.

याने १९८३ चे प्रयोग खोटे ठरत नाहीत. तिथे कातडीला स्पर्श करून मेंदू कुठे प्रतिसाद देतो ते मोजलं होतं, इथे व्यक्तीने स्वतः न उरलेली बोटं हलवण्याचा प्रयत्न केला. जुना नकाशा खाली टिकून राहतो आणि शेजारचे निरोप त्यावर ऐकू येऊ लागतात, या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, आणि मला त्याच खऱ्या वाटतात. नस जोडलेल्या रुग्णासाठी तर ही बातमी चांगली आहे. आरशासमोर बसून बोटांची कल्पना करणं म्हणजे पुसलेलं काही नव्याने काढणं नव्हे, शिल्लक असलेल्याला हाक मारणं आहे. पण सातव्या महिन्यात सरमिसळ झालेले निरोप येऊ लागले की हा जुना, पक्का नकाशाच त्यांना चुकीचं वाचतो. तिथे शिकवणं लागतंच.

सध्याची स्थिती

दीड वर्ष झालं आहे. तर्जनीच्या टोकाला आता ३.८४ क्रमांकाची मोनोफिलामेंट कळते, म्हणजे संरक्षक जाणीव परतली आहे, पण पुरती नाही. बोटाला एकाच वेळी टेकवलेली दोन टोकं वेगळी ओळखण्यासाठी त्यांच्यात १२ मिलिमीटर अंतर लागतं. निरोगी बोटाला ६ पेक्षा कमी पुरतं. स्पर्शाची जागा मात्र ती दहापैकी आठ-नऊ वेळा अचूक सांगते, आणि रोजच्या आयुष्यात या आकड्याचा उपयोग आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त झाला आहे. अंगठा इतर बोटांसमोर येतो, जोर कमी आहे. बोटं पुन्हा घामेजतात आणि पाण्यात सुरकुततात.

थंडी अजून सोसत नाही. पहाटे फुलं खुडताना दवात बोटं भिजली की दुखायला लागतात, म्हणून खुडण्याचं काम नणंदेकडे गेलं आहे. नस जोडलेल्या बहुतेक रुग्णांना हा त्रास वर्षानुवर्षं राहतो आणि त्यावर माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही; हातमोजा आणि कोमट पाणी एवढंच.

अबोली आणि शेवंतीच्या माळा ती पूर्वीच्या वेगाने करते. जायांच्या फाती जमतात, पण हाताकडे बघत आणि सावकाश, त्यामुळे मोठ्या पूजेची ऑर्डर आली की ती नणंदेबरोबर वाटून घेते. तर्जनीचा संध्याकाळचा सराव तिने सोडलेला नाही. पुढची तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर, हंगाम सुरू व्हायच्या आत ठरली आहे, आणि त्या वेळी आम्ही डोळे मिटून गुंफलेल्या फातीतली किती फुलं गळतात ते मोजणार आहोत.